विल्फ्रिदोच्या खोलीतला गारवा

मी दुपारी नवा ब्रेकर आणायला निघालो, तेव्हा आई म्हणाली, "देइवेर, येताना मेणबत्त्या आण रे. आज शेवटची प्रार्थना."

माझा मोठा भाऊ विल्फ्रिदो अपघातात गेल्यापासून घरात रोज जपमाळ चालली होती. नऊ दिवस आत्मा घरातच असतो. नवव्या संध्याकाळी दार उघडून त्याला निरोप द्यायचा. तोवर त्याला सुख मिळालं नाही, तर तो अडकून पडतो.

दादा बस चालवायचा. बारान्कीयाच्या उन्हात दिवसभर इंजिनाशेजारी भाजून आला की एसी लावून पडायचा. म्हणून आईनं ठरवलं, नऊ दिवस त्याची खोली गार ठेवायची. पण एसी लावला की थोड्या वेळानं ब्रेकरचा खटका पडायचा. वर केला की पुन्हा पडायचा.

परतलो तेव्हा शेजारचे वायरमन एलिएसर मास्तर एसी उघडून बसले होते.

"हा बसवा," मी नवा ब्रेकर पुढे केला. " दुप्पट ताकदीचा आहे."

"गाढवा, ब्रेकर मोठा आणि वायर तीच? भिंतीत जळेल ती. मग निरोप सगळ्या घरालाच द्यावा लागेल!"

त्यांनी जाळी धुतली, ढिले स्क्रू आवळले, करंट मोजला. सगळं ठीक होतं, तरी एसी पुन्हा बंद पडला. मग ते ब्रेकरच्या पेटीपाशी आले आणि थबकले.

"हा कोणी बंद केला?"

"कोणी नाही. पडला."

"पडलेला खटका अर्ध्यावर थांबतो, पोरा. हा पार खाली आहे. हातानं ओढल्यासारखा..."

त्यांनी तो वर केला. आत एसी घरघरला. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. खोटं वाटेल, पण तो खटका आवाज न करता, सावकाश, आमच्या डोळ्यांदेखत खाली आला.

मास्तरांनी छातीवर क्रूस काढला, हत्यारं गोळा केली आणि घरी निघून गेले.

माझं डोकं फिरलं. मी पेटीवर मूठ आपटली. "दादा, काय पाहिजे तुला? तुझ्यासाठीच चाललंय ना हे!"

आई मक्याच्या पिठानं भरलेल्या हातांनी दारात उभी होती.

"अपघातानंतर त्याला कुठे ठेवलं होतं रे?"

"दवाखान्याच्या शवागारात. त्या थंड कपाटात..." ओळख पटेपर्यंत तो तिथेच होता. उघडा.

"त्याला थंडी वाजतेय, देइवेर. आपण त्याला पुन्हा तिथेच ठेवलं."

मी ट्रंकेतलं लोकरीचं पांघरूण काढून त्याच्या खोलीत गेलो. खिडक्या बंद होत्या. अंधारात दवाखान्याचा उग्र वास होता. वर पत्रा तापून कडकडत होता, माझा सदरा पाठीला चिकटला होता. गादीवर हात ठेवला, तर गादी बर्फासारखी.

पांघरूण पसरलं आणि मीही त्याखाली शिरलो. दुसरं काय करणार? माझा भाऊ होता तो.

"आता बरं वाटतंय, दादा?"

संध्याकाळी बाहेर बायका जमल्या. जपमाळ संपली. आईनं रस्त्याकडचं दार सताड उघडलं. सगळ्या एका सुरात म्हणू लागल्या, "जा बाळा, सुखानं जा..."

पण माझ्या अंगावरचं पांघरूण हळूच पलीकडे ओढलं गेलं, शेजारी कोणी कुशीवर वळून झोपावं तसं.