समोरून वारा

श्रुतीच्या जुळ्यांचं बारसं झालं ते साल दोन हजार तेवीस. त्या बारशालाच निघालेली तिची धाकटी बहीण इरावती नेदरलंड्समधल्या उइटहॉर्न गावी नदीकाठी सायकलशी झुंजत होती. रस्त्याला ना चढ ना उतार, पण वारा असा समोरून, की सायकल जागची हलेना. तेवढ्यात पाठीवर एक तळहात टेकला... आणि सायकल पळू लागली.

"घाबरू नका. इथे असंच ढकलतात," शेजारून सायकल चालवणारी मुलगी चक्क मराठीत म्हणाली.

"मी मराठी आहे हे कसं कळलं?"

"मघापासून वाऱ्याला शिव्या कोणत्या भाषेत देताय?"

इरावती लाजली. "तुमच्या पिशवीला घुगऱ्यांचा वास येतोय."

"मी निशिगंधा, श्रुतीच्या ऑफिसातली. घुगऱ्या माझ्याकडे आहेत, म्हणजे मी पोचल्याशिवाय बारसं नाही. सावकाश चला."

घर येईपर्यंत तिने हात काही काढला नाही.

इरावती आर्नहेमला नोकरी करायची. मग दर शनिवारी ती काही ना काही निमित्ताने इकडे येऊ लागली. एकदा नदीकाठी पानही हलत नव्हतं, तेव्हा ती म्हणाली, "वारा नसला तरी हात ठेवलास तर चालेल."

"वारा नसताना ठेवला तर त्याला दुसरं नाव द्यावं लागेल..."

"मग दे ना!"

निशिगंधाने दिलं. अगदी हळू आवाजात.

ऑक्टोबरात दिल्लीच्या मोठ्या कोर्टाने दोन बायकांच्या किंवा दोन पुरुषांच्या लग्नाला मान्यता दिली नाही. निशिगंधाशी लग्न करणार, हे इरावतीने घरी आधीच सांगितलं होतं; मिरजेहून वडिलांचा, दामोदरांचा फोन आला. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. बोलणंही गिअर टाकल्यासारखं.

"टीव्ही बघितलास ना? कोर्टच नाही म्हणालं. विषय संपला."

"बाबा, इथे दोन हजार एकपासून होतात अशी लग्नं. जगात पहिल्यांदा इथेच झाली. आम्ही इथेच करू. साक्षीदार म्हणून तुमची सही तेवढी हवीय."

फोन ठेवला गेला.

"दुसऱ्या कुणाची घेऊ," निशिगंधा म्हणाली.

"नको गं. मी थांबेन."

पुढच्या वसंतात जुळ्यांच्या पहिल्या वाढदिवसाला दामोदर आले. निशिगंधाशी दोन शब्द बोलले, तेही चहात साखर किती यावर. इथल्या रीतीप्रमाणे पाहुणे गोल करून बसले. वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन घरातल्या सगळ्यांचं करायचं, अशी इथली पद्धत. शेजारच्या कोरीआजींनी दामोदरांचा हात धरून हलवला. श्रुती जपून मराठीत सांगू लागली.

"म्हणतायत, नातवंडांबद्दल अभिनंदन. आणि... इराच्या लग्नाबद्दलही."

"लोक हसत नाहीत का, विचार त्यांना."

कोरीआजी खुर्ची ओढून बसल्या. "माझ्या भावाने त्याच्या पीटशी लग्न केलं, तेव्हा अर्ध्या गल्लीने टाळ्या वाजवल्या, अर्धीने पडदे ओढले. आमचे वडील नवा कोट घालून घरातच बसून राहिले. मग आमच्या मागून एकेक देश येत गेला. आता पस्तीसच्या वर झाले. नव्या देशाची बातमी आली, की वडील कपाटातून तो कोट काढून बघत बसायचे. शेवटपर्यंत."

दामोदरांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

संध्याकाळी त्यांना नदी दाखवायची होती. गुडघे दुखत होते, म्हणून निशिगंधाने त्यांना जुळ्यांना फिरवायच्या सायकलीच्या पुढच्या लाकडी पेटीत बसवलं. आयुष्यभर स्टिअरिंग धरलेला माणूस पेटीत पाय दुमडून बसला! वारा पुन्हा समोरून. निशिगंधाला धाप लागली, तशी शेजारून इरावतीने तिच्या पाठीवर हात ठेवला. दामोदरांनी मागे वळून पाहिलं. इरावतीने पटकन हात काढला.

"काढतेस कशाला? पोरगी दमलीय."

हात पुन्हा टेकला. जरा वेळाने ते म्हणाले, "वळणाच्या आधीच ब्रेक लावते. गाडी चांगली आहे हातात."

"थँक्यू, काका," निशिगंधा धापा टाकत म्हणाली.

"काका काय? बाबा म्हण." मग नदीकडे बघत, "इरा... तिथे सही मराठीत केली तर चालते का गं?"

"चालते, बाबा." तिचे डोळे भरून आले. "वारा फार आहे ना..."

जूनमध्ये लग्नाच्या दिवशी नगरपालिकेत दामोदर नवा कोट घालून वेळेच्या अर्धा तास आधी हजर होते. त्यांनी एकेक अक्षर जपून काढत सही केली आणि दोघींच्या पाठीवर हात ठेवला. मिरजेत कुणी खोचकपणे विचारलं, की म्हणायचे, "कोर्ट नाही म्हणालं. मी हो म्हणालो."

दामोदर सतरा जानेवारी दोन हजार पंचवीस रोजी मिरजेत वारले; शेवटपर्यंत त्यांचं हेच उत्तर होतं.