सोळा नंबरचं मुंगूस

कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून एक अँटेना वर आली... आणि तिच्यामागून एक माणूस.

“घाबरू नका, तुमच्या परसात मुंगूस आहे.”

“हे ऐकून घाबरू नको?” मी आधी लेकीला उचललं. तीन वर्षांची आहे. कधी कुठे हात घालेल, नेम नाही.

त्यानं समजावलं. उंदीर मारायला कुणीतरी या बेटावर मुंगसं आणून सोडली, आता ती पक्ष्यांची अंडी फस्त करतात. कुठलं मुंगूस कुठवर फिरतं हे कळलं, की सापळ्यांची जागा ठरते. म्हणून गळ्यात पट्टा, पट्ट्यातून या अँटेनावर टिक... टिक...

“तुमच्याकडे येतं ते सोळा नंबर.”

मग तो रोज संध्याकाळी यायला लागला. लेक त्याला ‘मुंगूसकाका’ म्हणायची. आणि मी? पाच वाजले की उगीच केस विंचरायचे.

एका सकाळी लाकडांच्या ढिगात तुटलेला पट्टा सापडला. परत द्यायला हवा होता. पण दिला तर तो कशाला येईल? मी रोज पट्ट्याची जागा बदलायला लागले. आज टाकीमागे, उद्या कुंडीखाली... मुंगूस हिंडतंय असं वाटावं म्हणून! एका लेकराची आई, आणि हे उद्योग.

“हल्ली टिकटिक जलद येते ना?” मी विचारलं.

“हो...” तो माझ्याकडे बघत म्हणाला, “फार जवळ आहे.”

नोंदींचं काम संपलं, शनिवारी त्याची परतीची बोट होती. धक्क्यावरच्या तिकीट-खिडकीत मीच बसते. लेकीचा बाप याच खिडकीसमोरून ‘येतो’ म्हणून गेला, तो गेलाच. शुक्रवारी लेकीनं विचारलं, “मुंगूसकाका उद्या येणार?” आणि मी कुंडीखालून पट्टा बाहेर काढला.

संध्याकाळी पट्टा त्याच्या वहीवर ठेवला. “मीच लपवत होते. तुमचा नकाशा बिघडवला.”

“नाही बिघडला. पट्टा बराच वेळ हलला नाही, की टिकटिक दुप्पट होते. मला पहिल्याच दिवशी कळलं. सोळा नंबर तेव्हाच नोंदीतून काढलं.”

“मग रोज लिहीत काय होतात?”

त्यानं वही उघडली. माझं परस... टाकी, कुंडी, कपड्यांची दोरी, पायरी. सगळीकडे ठिपके, आणि भोवती पेन्सिलीची एक रेघ.

“हा कुणाचा वावर?”

“माझा,” तो म्हणाला. कान लाल झाले होते. “सापळ्यांचं काम दोन वर्षं चालेल. मी ते काम मागितलंय... मिळालंय. पण तुम्ही नको म्हणालात, तर नाही राहणार. तिला माझी सवय लावून निघून जाणं मला जमणार नाही.”

मी वही मिटली. “...उद्या सांगते.”

शनिवारी तो रांगेत उभा. मी मान वर न करता विचारलं.

“कुठलं?”

“जाऊन-येऊन. घरून सामान आणायचंय... आणू ना?”

मी परतीची तारीख तीनदा तपासली. सोमवार. “आणा,” म्हटलं. तिकीट दिलं, पण बोटं सुटेनात.

“अहो बाई, हात सोडा, बोट सुटेल!” मागचे आजोबा ओरडले.

सोडला. सोमवारपर्यंतच.