परतीचं ओझं

हे मी सांगायचं नव्हतं. आमच्या घरातल्या बायका ही गोष्ट फक्त लग्न ठरलेल्या मुलीला सांगतात. मी अजून शाळेत आहे. मी ती दाराआडून ऐकली. पण काल बाईंनी युद्धस्मारकावरची नावं मोठ्याने वाचायला लावली आणि माझं डोकं भडकलं. म्हणून लिहिते आहे.

माझी पणजी दोसोलिना तेव्हा सतरा वर्षांची होती. १९१६ चा जुलै, पहिलं महायुद्ध चालू. वर सरहद्दीच्या खिंडीत आपलं सैन्य, खाली आमचं गाव आणि मधे खेचरालाही न झेपणारी वाट. त्यामुळे बायकाच पाठीवर टोपल्या बांधून पाव, पत्रं आणि काडतुसं वर पोचवत. येताना टोपली रिकामी, हात मोकळे. मग चालता चालता त्या शिपायांसाठी मोजे विणत.

"खेचराला निदान दाणा तरी मिळतो," शेजारची ओर्तान्सा मावशी म्हणायची.

"आणि त्याला मोजे विणावे लागत नाहीत," दोसोलिना म्हणायची.

तिचा भाऊ जाकूम वरच्याच तुकडीत होता. एका सकाळी कॅप्टनने उघड्या कड्यावरून शत्रूवर चढायचा हुकूम सोडला. जाकूम याच डोंगरात शेळ्या राखून वाढलेला. तो म्हणाला, "साहेब, दुपारी धुकं उतरेल. तोवर थांबू या. उन्हात एकजणही वर पोचायचा नाही."

कॅप्टनने ते बंड ठरवलं. दुपारी धुकं उतरलंच. तरी दुसऱ्या सकाळी जाकूमला गोळ्या घातल्या.

दोसोलिना वर पोचली तेव्हा नुसता मातीचा ढीग होता. क्रूससुद्धा नाही. एक शिपाई मान खाली घालून पुटपुटला, "काडतुसं... काल तू आणलेल्या पेटीतलीच होती गं."

ती तशीच कॅप्टनसमोर जाऊन उभी राहिली. "माझा भाऊ मला द्या. आईबाबांशेजारी पुरते."

"गद्दाराला गावच्या दफनभूमीत जागा नाही. टोपली उचल आणि चालती हो."

तिने टोपली उचलली. रिकामी टोपली उठेना. पट्टे खांद्यात रुतले आणि पाठीमागून ओल्या लोकरीचा, शेळ्यांचा वास आला. तिला कळलं. ती वाकून उतरत राहिली. पण दफनभूमीच्या फाटकाशी पोचताच ओझं एकदम नाहीसं झालं. हुकूम मेलेल्यालाही लागू होता.

नऊ दिवस रोज तेच झालं.

दहाव्या दिवशी कॅप्टनला खाली जायचं होतं आणि धुकं दाट होतं. "ए पोरी, वाट दाखव."

"या की, साहेब. माझ्या मागे या."

मातीच्या ढिगापाशी ती मुद्दाम थांबली. आज टोपली हलकीच राहिली. तिने सुया काढल्या आणि विणायला लागली. मागे कॅप्टनच्या बुटांचा आवाज हळूहळू जड होत गेला. मग धापा ऐकू आल्या.

"पोरी... माझ्या पाठीवर काय आहे?"

"धुक्यात मला काय दिसणार? चला."

"थांब... जरा थांबू या..."

"जाकूमही हेच म्हणाला होता," दोसोलिना म्हणाली. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

फाटकातून कॅप्टन गुडघ्यांवर रांगत आत आला, थेट तिच्या आईबाबांच्या थडग्यांपर्यंत, आणि तिथेच पालथा पडला. पुन्हा उठला नाही. सदरा काढला तेव्हा दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे काळेनिळे वळ होते. त्या माणसाने जन्मात कधी टोपली उचलली नव्हती. वर खिंडीत मातीचा ढीग आत खचला होता. दोसोलिनाने आईबाबांशेजारी स्वतःच्या हातांनी क्रूस रोवला.

स्मारकावर जाकूमचं नाव नाही. कॅप्टनचं आहे. 'शूरवीर' असं लिहून. काल ते मला वाचावं लागलं.

टोपली आमच्या माळ्यावर आहे आणि मी आत्ता तिच्याशेजारीच बसले आहे. उद्या भर दुपारी मी ती स्मारकापुढे नेऊन ठेवणार. मघाशी पट्टे खांद्यांवर चढवून पाहिले. आत काही नाही, मी हात घालून चाचपलं, पण उठायला गेले तर

खालून आई ओरडली, "एल्दा! खाली ये जेवायला! आणि वर कोण आहे गं तुझ्याबरोबर, एवढी जड पावलं..."