कुसाबाईचा हंडा

सन दोन हजार चोवीस. वैशाख नुकताच लागला होता. निफाडकडची एक डीपी अंबडला सावळीराम मिस्त्रीच्या शेडमध्ये त्या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा आली. खेड्यात ट्रान्सफॉर्मरला डीपीच म्हणतात. सावळीरामने हात लावलेली डीपी आजवर परत आली नव्हती. ही आली, आणि म्हाताऱ्याच्या घशाखाली घास उतरेना.

झाकण काढलं. कॉइल पुन्हा त्याच जागी जळालेली. त्याने डीपीच्या टाकीतलं तळाचं पळीभर तेल तापल्या तव्यावर टाकलं. तेल तडतडलं. म्हणजे आत पाणी.

"झाकण सैल राहिलं असेल, अण्णा," मुलगा रविराज म्हणाला. "वय झालं तुमचं."

सावळीरामने त्याच्याकडे पाहिलंही नाही. झाकणाचं रबर शाबूत होतं. टाकीला भेग नव्हती. हवेच्या नळीतले दाणे निळेच होते. ओल लागली असती तर गुलाबी झाले असते. तळाचं पाणी त्याने वाटीत काढलं. बाहेर ऊन पोळत होतं आणि वाटी बोटांना गार लागत होती. वास घेतला. तेलाचा नव्हे, विहिरीच्या गाळाचा वास होता.

"आता परत आली तर शेडला कुलूप लावीन," तो म्हणाला.

नवी कॉइल भरली आणि तो स्वतः डीपीबरोबर गेला.

धनराज बांधावर वाट पाहत उभा होता. द्राक्षाची बाग त्याचीच. छाटणीनंतरची कोवळी फूट माना टाकून लोंबत होती.

"मिस्त्री, आज पाणी बसलं नाय तर पुढच्या सालाचा घड दिसायचा नाय."

वायरमनने डीपी खांबावर चढवली. दुपारचे बारा वाजत आले होते. पान हलत नव्हतं. सावळीराम खाली अर्थिंगच्या खड्ड्यापाशी बसला. उन्हाळ्यात हा खड्डा ओला ठेवावा लागतो, नाहीतर वीज जमिनीत मुरत नाही. त्याने हात घातला. राखेसारखी कोरडी माती.

"पाणी घालत नाही इथं?"

"सकाळीच अर्धा टँकर ओतला की! पितो, आन् पुन्हा कोरडा."

खड्ड्याला लागूनच एक झोपडं होतं. दाराला कडी. उंबऱ्यावर पितळी हंडा पालथा.

"इथं कोण राहायचं?"

धनराजने बागेकडे तोंड फिरवलं. त्याची आई चांगुणा बाभळीखाली बसली होती, ती बोलली.

"कुसाबाई. खड्ड्याला पाणी घालायचं काम तिचं. आमच्या विहिरीवरून दोन हंडे न्यायची. एक खड्ड्याला, एक घरी. ह्यानं माघात विहिरीच्या जाळीला कुलूप घातलं."

"पाणी कमी पडत होतं, आई!"

"बागेला पुरत होतं." म्हातारीने पदर तोंडाला लावला. "मग लांबून एकच हंडा आणायची. तो बी खड्ड्यालाच. म्हणायची, घेतलेलं काम हाय. चैत्रात इथंच पडली. व्हट फुटले होते..."

"कुलूप काढ, धनराज," सावळीराम म्हणाला. "तिचाच हंडा भरून आण."

"भुताखेतांना मानता व्हय, मिस्त्री?"

"मी तेलातलं पाणी मानतो."

धनराज बडबडत गेला. हंडा खांद्यावर घेऊन आला आणि खड्ड्यात कलता केला. पाणी पडू लागलं. खाली आवाज होत होता... घटाघट, घटाघट. कुणी फार दिवसांचं तहानलेलं पीत असावं तसा.

हंडाभर पाणी कधीच पडून गेलं असतं. धार थांबेना.

"मिस्त्री..." धनराज ओरडला. "हंडा हलका होत नाय..."

"सरळ कर!"

"होत नाय... कुणीतरी बूड धरलंय..."

बूड धरायला तिथे कोणी नव्हतं. धार गारच होती, गाळाच्या वासाची. सावळीराम खिळल्यासारखा पाहत राहिला. सावल्या पायाखालून सरकून पूर्वेला लांबल्या. मग धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. हंडा धनराजच्या हातून निसटून ठणकन पडला.

वायरमनने घाबरत घाबरत लाइन जोडली. डीपी घुमू लागली. एकसारखा, निर्मळ आवाज. सावळीरामने कान देऊन ऐकलं. ही डीपी आता परत येणार नाही, हे त्याला कळलं.

धनराज मोटरीकडे धावला. मोटर सुरू झाली. पाइपातून गढूळ चूळ पडली, मग नुसती गरम वारा फुंकल्यासारखी हवा.

सावळीराम, धनराज आणि चांगुणा, तिघं विहिरीच्या काठाशी गेली. सकाळी तिथं दोन पुरुष खोल पाणी होतं. आता तळाचा गाळ उघडा पडला होता. गाळाच्या मधोमध हंड्याच्या बुडाचा गोल ठसा होता, नुकताच उचलल्यासारखा. त्याच्याभोवती पाऊल कुठेच नव्हतं.

धनराज काठावर मटकन बसला. पलीकडे बाग वाळत होती.

चांगुणाने विहिरीकडे पाहून हात जोडले.

"तिचं पाणी फिटलं," ती म्हणाली.