एका वेळी एकच बदल

गल्लीत तिला सगळे कॉम्प्युटरवाली ताई म्हणत. ती शिकली कुणाकडे नाही. बिघडलेली मशीनं उघडत, स्वतःच्या चुका निस्तरत शिकली. तिचा नियम ठरलेला. एका वेळी एकच बदल करायचा, मशीन रिस्टार्ट करायचं आणि पडद्यावर जे उमटेल त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, की वाट कशाने लागली ते कळत नाही.

त्या दुपारी धाकट्या बहिणीचा नवरा आपलं मशीन उचलून आला. दोन गल्ल्या पलीकडेच राहायचा, घरी बसून नकाशे काढायचा. बोलणं मऊ, पाय पुसून आत येणारा.

"ताई, लिनक्स अपडेट केलं आणि पडदा काळाठिक्कर. आता तुम्हीच बघा."

"बसा जावईबापू. ग्राफिक्सचा ड्रायव्हर रुसला असेल. काढू समजूत."

तो टेबलापलीकडे, पडद्याच्या पाठीमागे बसला. शेजारी तिची विणकामाची टोपली होती. तिच्यात निळा स्वेटर, एक बाही राहिलेला. ऐन उन्हाळ्यात धाकटीने हट्ट धरला होता, पूर्ण बाह्यांचाच हवा म्हणून.

तिने अपडेटच्या आधीचा जुना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, निवडून मशीन चालू केलं. पडदा लुकलुकला आणि क्षणभर एक चित्र आलं. धाकटीची खोली. केसांत रुतलेली मूठ, टेबलावर दाबून धरलेला धाकटीचा चेहरा, फुटलेला ओठ. सवयीने तिने मोबाइलवर फोटो काढला.

ड्रायव्हर नीट बसला नाही, की ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीतलं शिळं चित्र कधीकधी वर येतं. तिने हे पूर्वी पाहिलं होतं. पण या मशीनला कॅमेरा नव्हता.

तिने वायर उपटली. मेमरी पुसली जाईस्तोवर थांबली. ड्रायव्हर काढून टाकला. रिस्टार्ट.

इस्त्री. धाकटीचा हात. इस्त्रीला चिकटून उचकटलेली कातडी.

गेल्या महिन्यात धाकटी म्हणाली होती, वाफेने भाजलं.

ती आत जाऊन फोन लावून आली. धाकटी हसली होती. "मला काय धाड भरलीये गं? स्वेटर झाला का ते सांग."

"काही सापडलं का?" पलीकडून त्याने विचारलं.

"शोधतेय."

एक सेटिंग बदललं. रिस्टार्ट.

धाकटी जमिनीवर. खुर्ची आडवी. डोळे उघडे, हलत नसलेले. छातीवरची निळी लोकर रक्ताने काळी पडलेली. दोन्ही बाह्या पूर्ण.

तिने टोपलीकडे पाहिलं. एक बाही राहिलेली.

म्हणजे हे व्हायचं होतं. पण सांगायचं कुणाला? ग्राफिक्स कार्डाने चुगली केली म्हणून? तिला एकच रीत ठाऊक होती. तिने स्वेटर ओढला आणि धागा उसवायला घेतला.

"अहो, सगळा उसवताय?"

"माप चुकलं."

"द्या, मी गुंडाळतो." त्याने हात पुढे केले. ती भराभरा उसवत गेली, तो नीटनेटका गोळा करत गेला. शेवटचा टाका सुटला तेव्हा तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. स्वेटरच नाही, तर ते चित्र कुठून खरं होणार?

मग तिने जुना ड्रायव्हर पुन्हा बसवायला घेतला. पडद्यावर अक्षरांच्या ओळी सरकू लागल्या. वीसेक मिनिटांचं काम.

"मी जाऊन येतो तासाभरात," तो म्हणाला.

"हं," ती म्हणाली. नजर ओळींवरच होती.

ओळी संपल्या. रिस्टार्ट.

तीच खोली. आडवी खुर्ची. धाकटी जमिनीवर, साध्या कपड्यांत. रक्ताचा थेंब नाही. चेहरा जांभळा, जीभ दातांत. गळ्यात रुतलेला निळा धागा, पाच-सहा वेढे.

धागा सरळ नव्हता. टाक्यांच्या वळ्या त्याच्यात तशाच होत्या.

टोपलीत नुसत्या सुया होत्या.

फोन वाजला.

"ताई, हे आत्ताच आले बघ. ही लोकर तू दिलीस म्हणे. अगं, सगळी नागमोडी झालीये, हिचं मी काय—"

"बाहेर पळ! आधी बाहेर पळ!"

"काय? ऐकू नाही आलं गं."

धाकटीच्या मागे खुर्ची पडल्याचा आवाज आला.