खुर्चीची जागा

जानेवारीतल्या एका सकाळी विब्रेन शेजारच्या गावातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून एक खुर्ची घेऊन निघाला. बुटकी, सरळ पाठीची, बैठक लव्हाळ्यानं विणलेली. सायकलच्या मागच्या गाडीला ती दोरीनं बांधून, कालव्याच्या कडेकडेनं, वाऱ्याला शिव्या घालत तो घरी आला.

बोटींच्या इंजिनांपायी उभा जन्म घालवलेला हा माणूस निवृत्त झाला आणि इतिहासाच्या पुस्तकांत बुडाला. तीनशे वर्षांपूर्वी त्याच्या फ्रीसलंड प्रांतातली माणसं काय जेवत, कशी झोपत, दिवा कुठे ठेवत, हे त्याला स्वतःच्या कालच्या जेवणापेक्षा जास्त ठाऊक असे. आणि वाचलेलं घरात मांडून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

पुढच्या खोलीची भिंत खरवडताना कागदांच्या थरांमागे त्याला लाकडी दारं सापडली होती आणि दारांमागे भिंतीतच बसवलेला आखूड पलंग. जुने लोक अशा पलंगात उशांना टेकून अर्धवट बसल्यासारखे झोपत, थंडीत दारं लावून घेत. विब्रेननं त्यात पेंढ्याची गादी घातली, वर तागाची चादर अंथरली. खुर्ची तेवढी राहिली होती. ती त्यानं खिडकीशी ठेवली, कारण उजेड तिथे छान यायचा.

मग तो पाव आणायला बाहेर पडला. परत आला तर खुर्ची पलंगापाशी होती.

आपणच सरकवली असेल, असं म्हणून त्यानं ती पुन्हा खिडकीशी नेली. दुसऱ्या दिवशी कोंबड्यांना दाणे टाकून आत आला, तर परत तेच. जमिनीवर ओरखडा नाही की काही नाही. खुर्ची उशीच्या बाजूला जरा तिरकी ठेवलेली होती. अशी तिरकी खुर्ची माणूस एकाच प्रसंगी ठेवतो, आजाऱ्याशी बोलत बसायचं असतं तेव्हा. लव्हाळ्याची वीण मधोमध खाली दबलेली होती, आणि ती हळूहळू... अगदी हळूहळू वर येत होती.

विब्रेन बराच वेळ दारातच उभा राहिला. कोण काय जेवत होतं ते पुस्तकं सांगतात; कोण कुणाच्या उशाशी बसलं होतं, ते कुणी लिहून ठेवत नाही, असं काहीसं त्याच्या मनात आलं. त्या दिवसापासून त्यानं खुर्ची हलवली नाही.

रविवारी दुपारी फ्राउके आली. त्याची थोरली बहीण, कालव्यापलीकडे एकटीच राहायची. येताना नेहमीसारखा केक घेऊन आली आणि कोट न काढताच खोलीभर नजर फिरवून म्हणाली,

"घर मांडतोयस की संग्रहालय? आता तिकीट लाव दारावर."

"तुला फुकट सोडीन."

"फुकट? मला काय या म्हाताऱ्या सामानातलीच समजतोस की काय तू?" ती हसली, पण हसताना तिनं एका हातानं पोट दाबून धरलं. "सरक, बघू दे तुझा तो पलंग."

बूट काढून ती आत चढली आणि उशांना टेकली. "पेंढा टोचतो रे... पण ऊब आहे."

"पड जरा. मी कॉफी करतो."

स्वयंपाकघरात आल्यावर त्यानं आधी कालची भांडी विसळायला घेतली. चार वाजत आले होते आणि बाहेर अंधारून आलं होतं. खोलीतून फ्राउकेचा आवाज येऊ लागला, सलग, हलका. झोपेत बडबडायची तिला लहानपणापासून सवय. नळाच्या आवाजात शब्द काही कळेनात. मग त्याला वास आला. जुने लोक चुलीत जाळत त्या दलदलीतल्या मातीच्या धुराचा आणि साध्या साबणाचा. असा धूर या गावात कुणाच्याही चुलीतून निघत नव्हता.

त्यानं नळ बंद केला.

"विब्रेन," आतून फ्राउके म्हणाली, "हात सोड ना आता... मुंग्या आल्या."

विब्रेनचे दोन्ही हात साबणाच्या पाण्यात होते.

ओल्या हातांनीच तो खोलीत गेला. पलंगाचं एक दार उघडं होतं. फ्राउकेचा हात बाहेर लोंबत होता. नव्हे, लोंबत नव्हता. खुर्चीच्या वर, हवेत, कुणीतरी धरून ठेवल्यासारखा थांबलेला होता. त्याच्या देखत तो अलगद पलंगात परत आला आणि चादरीवर विसावला.

"फ्राउके!"

तिनं डोळे उघडले. ते ओले होते, चेहरा मात्र मोकळा दिसत होता.

"बरं झालं बाबा, बोलून टाकलं," ती म्हणाली. "महिनाभर छातीवर दगड घेऊन फिरत होते. वाटलं, तू घाबरशील. पण तू मुकाट ऐकून घेतलंस. येशील ना मग गुरुवारी माझ्याबरोबर?"

काय ऐकून घेतलं? कुठे जायचं? विब्रेनच्या जिभेवर आलं होतं की, बाई, मी इथे नव्हतोच. पण तिच्या चेहऱ्यावरचा तो मोकळेपणा पाहून तो म्हणाला, "येईन की. विचारायचं काय त्यात!"

गुरुवारी शहरातल्या रुग्णालयात तिच्या शेजारी बसल्यावर त्याला कळलं, की तिच्या पोटात गाठ होती आणि ती लगेच काढायची होती.

शस्त्रक्रियेच्या सकाळी तिची खाट ढकलत नेत असताना तो सोबत चालत होता. गुंगीच्या औषधानं तिची जीभ जड झाली होती. शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारापाशी तिनं त्याची बाही पकडली.

"त्या दिवशी तू शेवटी विचारलंस ना... मी उत्तर दिलं नाही." ती समाधानानं हसली. "हो. माझी काही हरकत नाही... हो."

दार मिटलं. आजूबाजूला औषधांचा दर्प होता आणि त्यात अगदी पुसट, धुराचा वास.

गाठ साधी निघाली. फ्राउके बरी झाली, आठवडाभरात सुपाच्या चवीवरून परिचारिकांशी भांडायला लागली. भेटायला गेलेल्या विब्रेनला राहवलं नाही. त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं,

"आत जाताना तू मला 'हो' म्हणालीस. आठवतं?"

"मी?" फ्राउकेनं चमचा खाली ठेवला. "त्या सकाळचं मला काही आठवत नाही बाई. त्या दिवशीचं पलंगातलं बोलणंसुद्धा सगळं पुसल्यासारखं झालंय. तू काहीतरी मागितलं होतंस, एवढंच डोक्यात राहिलंय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. थट्टेनं बघत होती, पण उत्तर येईना तसतसं तिचं हसू ओसरत गेलं.

"गप्प का बसलास? सांग ना, विब्रेन... काय मागितलं होतंस तू माझ्याकडे?"