बदली माणूस

त्या जुलैत मी यवतमाळात सहा खोल्या पाहिल्या. पाच ठिकाणी घरमालकांनी आधी पूर्ण नाव विचारलं. अश्वजित म्हटलं की जरा थांबायचे, आडनाव ऐकलं की खोली कालच कोणाला तरी दिलेली निघायची. फाटकावरची ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी बहुधा घराच्या शोभेसाठी लावत असावेत. मी चिडत नव्हतो. लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला नंबर लागला होता, झरी जामणीकडून रोज येणं-जाणं शक्य नव्हतं, आणि चिडून कोणी खोली देत नाही.

सहावी खोली उमरसऱ्यात नागोरावांच्या माडीवर होती. नागोराव एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. बोलणं मऊ. त्यांनी नाव विचारलंच नाही.

“सगळ्यात जास्त जीव कोणावर हाये तुहा?” त्यांनी विचारलं.

प्रश्न विचित्र होता, पण आडनावापेक्षा बरा. “आईवर,” मी म्हणालो. “बाबा नाहीत. आम्ही दोघंच आहोत.”

“मंग घे चावी. फक्त खोली सोडतानी बदली माणूस आणून द्या लागते. रस्त्यावरचा नाही चालत. तुह्यावर जीव असणारा पाह्यजे.”

बदली माणूस आणून देण्याची अट आमच्याकडे नवी नाही. घरमालकाला खोली एक महिनाही रिकामी ठेवायची नसते, म्हणून जाणाऱ्यानंच येणारा शोधायचा. मी हो म्हणालो.

दहा बाय दहाची खोली, फिकट हिरवा रंग, लोखंडी पलंग, कोपऱ्यात ओटा. एक खिडकी, समोर शेजाऱ्याची भिंत. त्याआधीचे पंधरा दिवस मी पुसदहून आलेल्या कलीमच्या खोलीवर काढले होते. कलीम माझ्याच वर्गातला. तिथं रोज संध्याकाळी आईचा फोन ठेवला की मी संडासात जाऊन रडायचो. हे लिहायला मला लाज वाटत नाही. माझी आई, तुळसाबाई, गावच्या शाळेत खिचडी शिजवते. एकोणीस वर्षांत मी तिला सोडून कधी राहिलो नव्हतो.

नागोरावांच्या खोलीत आठव्या दिवसापासून मी रडलो नाही. गाढ झोप लागायची. अभ्यास होऊ लागला. मला वाटलं, सवय झाली.

सप्टेंबरात आईनं एसटीच्या ड्रायव्हरजवळ ठेचा पाठवला. कलीमनं बोटभर चाटला आणि नळाकडे पळाला. मी तीन भाकरींबरोबर अर्धी बरणी संपवली. काहीच लागलं नाही, मीठसुद्धा. शिकत होतो तेच करून पाहावं म्हणून स्वतःच्या तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन, साखर, बी-बारा, सगळं नॉर्मल.

मग रक्त काढायचं प्रॅक्टिकल आलं. आम्ही एकमेकांच्याच हातावर शिकायचो. कलीमला माझी शीर सापडेना. त्यानं तीनदा सुई घातली, चौथ्यांदा आत फिरवली. मी फळ्यावरचं लिहून घेत होतो, डाव्या हाताकडे माझं लक्षही नव्हतं.

“अबे, दुखत नाही का तुले?” कलीमचा आवाज बदलला होता.

“नाही.”

“खोली बदल तू. मले तुही भीती वाटून राह्यली.”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

दिवाळीला गेलो नाही. गेलो नाही याचं काही वाटलंही नाही. पहिल्या सेमिस्टरला वर्गात पहिला आलो. मोबाईलवर ‘आई’ असं उमटायचं आणि मी त्या दोन अक्षरांकडे वाजणं थांबेपर्यंत बघत बसायचो. रुसवा नव्हता, कंटाळाही नव्हता. एखाद्या अनोळखी गावाची पाटी वाचावी तसं वाचायचो.

जानेवारीत एका दुपारी ती स्वतःच आली. हातात पिशवी, पायात धूळ. दार उघडून मी बाजूला झालो.

“या. बसा तुम्ही,” मी म्हणालो.

ती बसली नाही. “मले तुम्ही काहून म्हणून राह्यला रे?”

तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. हात गरम असावेत. मी ते सुटायची वाट बघत उभा राहिलो.

ती खाली गेली. खिडकीतून बोलणं ऐकू येत होतं.

“भाऊ, काय केलं माया पोराले?”

“मी काहीच करत नाही बाई. खोलीच तशी हाये. पोरं शिकतात इथं.”

“मी नेतो त्याले घरी.”

“नेसान. पण ओढून नेलं तं नुसतं अंग येईन संगं. बाकीचं इथंच राह्यन. बदली ठेवा, मंग पूर्ण न्या.”

मग जिन्यावर तिची चप्पल वाजली. तिनं माझे कपडे, पुस्तकं पिशवीत कोंबली, पिशवी माझ्या हातात दिली आणि पलंगावर बसली.

“जाय,” ती म्हणाली. “मी राह्यतो.”

मी गेलो. मागं वळून पाहिलंही नाही.

पांढरकवड्याच्या अलीकडे गावाकडच्या बसमध्ये डाव्या हातातली सुईची जागा ठणकू लागली. मग भूक लागली, मग तहान. पुढच्या सीटवरची बाई लेकराचं नाक पदरानं पुसत होती. ते पाहिलं आणि मी ओरडून रडलो. सहा महिन्यांचं एकदम आलं. कंडक्टरनं घंटी मारून बस थांबवली. मी तिथंच उतरलो आणि उलट्या दिशेची बस धरली.

“मी परत राहतो,” मी नागोरावांना म्हणालो. “तिला सोडा.”

त्यांनी मान हलवली. “एकदा राह्यलेला नाही चालत पोरा. त्यायच्यावर जीव असणारं दुसरं कोणी हाये का?”

दुसरं कोणी नव्हतं.

वर आई भाकरी थापत होती. मला पाहून तिला आनंद झाला. “तू पास हो आधी,” ती म्हणाली. “मले काय धाड भरली? गुडघेही दुखत नाहीत इथं.”

मी कलीमकडे राहायला गेलो आणि दर रविवारी उमरसऱ्याला जाऊ लागलो.

पहिल्या रविवारी तिनं मला पोटाशी धरलं.

तिसऱ्या रविवारी तिनं गावातल्या कोणाचंच विचारलं नाही. घराला कुलूप आहे, शाळेत दुसरी बाई ठेवली, हे मीच सांगितलं. ती “बरं” म्हणाली.

पाचव्या रविवारी मी तिला हाताला धरून ओढलं. ती जिन्यापर्यंत आली. “दूध उतू जाईन,” असं म्हणून तिनं हात सोडवून घेतला. गॅस बंद होता. ओट्यावर भांडंही नव्हतं.

त्यानंतर माझी कॉलेजातली अंतर्गत परीक्षा होती. दोन रविवार चुकले. चुकवायला नको होते, हे मला आता रोज वाटतं.

आठव्या रविवारी मी पास झाल्याचे पेढे घेऊन गेलो. दार तिनंच उघडलं. अंगावर स्वच्छ लुगडं, केस नीट विंचरलेले. इतकी शांत मी तिला कधीच पाहिली नव्हती. तिनं मला पाणी दिलं आणि अंतर ठेवून पलंगाच्या कडेला बसली.

मी पेढ्यांचा पुडा पुढं केला. तिनं एक पेढा घेतला, बाकीचे परत दिले.

“लय दुरून आले वाटते तुम्ही,” ती म्हणाली.

“हो.”

“घरी कोण असते?”

“आई,” मी म्हणालो.

ती लगेच उठली. माझी पिशवी उचलून तिनं माझ्या हातात दिली.

“मंग बसले काहून? वाट पाहत असन ना ते.”

मी दाराबाहेर आलो. तिनं हसून मान हलवली आणि आतून कडी लावली.